चहाच्या टेबलावरचा विभाग नोटीस बोर्डावर आणा

प्रश्न : मी एका राज्य विद्यापीठात भूगोल विभागाची प्रमुख आहे. पदभार घेऊन सहा महिने झाले. मंजूर पदे नऊ असली, तरी पूर्णवेळ आम्ही तिघेच आहोत आणि उरलेले अध्यापन तासिका तत्त्वावरील सहकारी करतात. नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या, तयारीसाठी प्रत्येक विभागाने विविधता, समता आणि समावेशन या विषयावर समिती नेमावी, वर्षात दोन कार्यक्रम घ्यावेत आणि छायाचित्रांसह अहवाल द्यावा, असे पत्र वरून आले आहे. ते मी करीनच. पण मला खटकते ते वेगळे. गेल्या वर्षी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची एक विद्यार्थिनी दुसऱ्या सत्रात निघून गेली. ती का गेली, हे विभागात कोणालाही सांगता येत नाही. यंदा एका अल्पदृष्टी मुलाला प्रवेशाच्या वेळीच ‘नकाशांचा विषय तुला कसा झेपणार?’ असे विचारले गेले. पीएच.डी.च्या मुलाखतींत वर्षानुवर्षे ठरावीक दोन-तीन महाविद्यालयांचीच मुले वर येतात. हे मी बैठकीत मांडले, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘मॅडम, आपण गुणवत्ता बघतो, जात बघत नाही.’ मला उत्तर सुचले नाही. मी सुरुवात कोठून करू?
— एक विभागप्रमुख

उत्तर :

महोदया,

ती विद्यार्थिनी का गेली हे विभागात कोणालाही सांगता येत नाही, हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. पत्रातल्या बाकीच्या अडचणींचे मूळही मला तेथेच दिसते. म्हणून समितीचा विषय मी शेवटी घेते.

कोणताही विभाग दोन ठिकाणी चालतो. एक विभाग अध्यादेशात, परिपत्रकांत आणि नोटीस बोर्डावर असतो; दुसरा चहाच्या टेबलावर असतो. कोणत्या गाइडकडे जागा रिकामी होणार आहे, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, किती पानांची असली म्हणजे समितीला बरी वाटते, आजारपणात बुडालेली अंतर्गत चाचणी अर्ज केल्यास पुन्हा देता येते, शिफारसपत्र कोणाकडे आणि किती दिवस आधी मागावे, यांतले बहुतेक सगळे दुसऱ्या विभागात ठरते आणि तेथेच कळते. ज्याच्या घरात कोणी प्राध्यापक आहे, किंवा ज्याच्या महाविद्यालयातले सर तुमच्या सहकाऱ्यांना नावाने फोन करू शकतात, त्याला ते आपोआप कळते. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुलीला काय विचारायचे असते हेच ठाऊक नसते, मग ती विचारणार काय? यात कोणाचा दुष्ट हेतू असायची गरज नसते. परंतु चहाच्या टेबलाशी कोणाची ओळख असते, ही गोष्ट आपल्याकडे जातीने, गावाने आणि बापाच्या नोकरीने ठरलेली असल्यामुळे, ‘आम्ही जात बघत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणाऱ्या विभागातही निकाल जातीच्या आणि गावाच्या हिशेबानेच लागत राहतो.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः विभागप्रमुख असताना एका अधिछात्रवृत्तीची सूचना दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कार्यालयाच्या दारावर लावली होती आणि मुदत सुट्टीतच संपत होती. शहरातल्या चार मुलांनी अर्ज केले, कारण त्यांच्यापैकी एक जण माझ्याकडे पुस्तक परत करायला आला होता आणि मी त्याला बोलता बोलता सांगितले होते. गावी गेलेल्या अकरा जणांना ते परतल्यावर कळले. त्यांच्यातल्या एकीने मला फक्त एवढेच विचारले, ‘मॅडम, आमचे नंबर तुमच्याकडे नव्हते का?’ नंबर होते. सूचना नियमाप्रमाणे लागली होती, त्यामुळे कागदावर मी निर्दोष होते.

तेव्हा माझे पहिले आणि मुख्य सांगणे हे की, तुमच्या विभागात जे जे तोंडी चालते ते कागदावर आणा. एक आठवडा घ्या, सहकाऱ्यांना आणि दुसऱ्या वर्षाच्या पाच-सहा विद्यार्थ्यांना बसवा आणि ‘येथे येण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, अशी गोष्ट कोणती?’ एवढाच प्रश्न विचारा. त्या उत्तरांतून मराठीत आठ-दहा पानांची एक पुस्तिका होईल. ती प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात द्या आणि तीच व्हॉट्सअॅप गटावर टाका. मात्र गटावर टाकले म्हणजे कळवले असे समजू नका, कारण महिनाअखेरीस रिचार्ज संपलेली मुले प्रत्येक वर्गात असतात.

आता तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वाक्याकडे येते. त्यांच्याशी गुणवत्तेवर वाद घालू नका. गुणवत्ता मोजण्याची रीत त्यांच्यासमोर ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे, विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेतून निवड होते तेव्हा लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. हे ३० टक्के कसे दिले जातात, याची तुमच्या विभागात लेखी नोंद आहे का? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात लेखी परीक्षेचे आणि मुलाखतीचे गुण समोरासमोर ठेवून पाहिले गेले, तेव्हा प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीला २०१६ मध्ये त्या तफावतीत भेदभावाच्या खुणा दिसल्या आणि मुलाखतीचे गुण ३० वरून १५ वर आणावेत, अशी शिफारस तिने केली. तुम्हाला भार बदलण्याचा अधिकार नाही, पण रीत बदलण्याचा आहे. मुलाखतीपूर्वी निकष लिहून ठेवा : संशोधनप्रश्नाची समज किती, क्षेत्रकामाची तयारी किती, पूर्वीचे वाचन किती. प्रत्येक उमेदवाराला पहिले तीन प्रश्न तेच विचारा. प्रत्येक सदस्याने आपले गुण आधी स्वतंत्र कागदावर लिहावेत आणि चर्चा नंतर करावी, कारण ज्येष्ठांनी ‘मुलगा चांगला आहे’ असे म्हटल्यावर कनिष्ठांची पेने कोणत्या आकड्याकडे वळतात हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आणि मागच्या पाच वर्षांचे लेखी व मुलाखतीचे गुण, नावे झाकून, एका तक्त्यात मांडा. त्या तक्त्यात काही निघाले नाही तर सहकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरेल आणि तुम्हालाही समाधान वाटेल. निघाले, तर बोलण्याचे काम तक्ताच करील.

त्याच विनियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. प्रत्येक मार्गदर्शकाकडे सध्या किती जागा भरल्या आहेत, किती रिकाम्या आहेत आणि त्याला कोणत्या विषयांत रस आहे, हे विभागाच्या फलकावर कायम लावून ठेवा. एवढ्या एका कागदाने गाइड ‘पकडण्या’च्या धावपळीत मागे पडणाऱ्या मुलांचा अर्धा मनस्ताप वाचतो. महिला संशोधकांना कालावधीत दोन वर्षांची अधिक सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा या विनियमांतच आहे. पण तुमच्या विभागातल्या किती जणींना ते ठाऊक आहे, हे एकदा विचारून पाहा.

भाषेबद्दल जरा विस्ताराने लिहिते. ग्रामीण मुलांचा प्रश्न म्हणजे इंग्रजीचा प्रश्न, असे आपण धरून चालतो आणि मराठीत शिकवले की सगळे सामावले गेले असे मानतो. धडगावच्या मुलीची घरची भाषा बहुधा पावरी किंवा भिली असेल. मेळघाटातल्या मुलाची कोरकू, गडचिरोलीच्या मुलीची गोंडी किंवा माडिया, बंजारा तांड्यावरून आलेल्या मुलाची गोरमाटी. त्यांच्यासाठी आपली प्रमाण मराठी हीच शाळेत शिकलेली दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. अशी मुलगी चर्चासत्रात गप्प बसते तेव्हा तिला विषय कळलेला नसतो असे नाही. मनातले वाक्य मराठीत जुळेपर्यंत दुसऱ्याने उत्तर दिलेले असते. तिच्या उच्चारावर हसण्याची आपल्याकडची सवय तर इतकी रुळलेली आहे की हसणाऱ्याला आपण हसलो हेही आठवत नाही. म्हणून प्रश्न विचारल्यावर दोन मिनिटे सर्वांना लिहू द्या आणि मग बोलू द्या. संज्ञा मराठी व इंग्रजी अशा दोन्हींत फळ्यावर लिहा. भाषा संचालनालयाचा भूगोलशास्त्राचा परिभाषा कोश त्यासाठी हाताशी ठेवा. आणि भूगोलाच्या विभागाला तर येथे सोन्यासारखी संधी आहे, कारण उतार, माती, झरा, वारा यांना सातपुड्यातल्या भाषांत जे शब्द आहेत ते तुमच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. त्या मुलीला सांस्कृतिक कार्यक्रमात पारंपरिक वेशात उभे करण्यापेक्षा भूरूपांच्या स्थानिक नावांवर एक छोटा प्रकल्प करायला दिला असता, तर ती वर्गात जाणकार म्हणून बसली असती.

अल्पदृष्टी मुलाला विचारलेला प्रश्न चुकीचा होता, हे तुम्हाला कळलेच आहे. तो पुन्हा विचारला जाऊ नये म्हणून आधार मात्र हाताशी असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. आणि मुलगा त्या मोजमापात बसत नसला, तरी वाजवी सोयी करून देण्याची जबाबदारी संपत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेतल्या लेखनिकाच्या प्रश्नावर नेमके हेच सांगितले. नकाशांचा विषय झेपेल का, हा प्रश्न त्याला विचारण्याऐवजी आपले नकाशे त्याला झेपतील असे आहेत का, हे आपण तपासायला हवे. कोलकात्याच्या नॅटमो या नकाशे काढणाऱ्या सरकारी संस्थेने दृष्टिहीनांसाठी ब्रेल अॅटलास काढला आहे. अल्पदृष्टी विद्यार्थ्याला पुष्कळदा त्याचीही गरज नसते. मोठा छाप, ठळक रंगभेद आणि पहिल्या बाकावरची जागा एवढ्यावर काम भागते. क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या संगणकावर घालून दिले, तर नकाशा हवा तेवढा मोठा करून, रंग बदलून त्याला पाहता येईल. त्याला नेमके काय लागते, हे मात्र त्यालाच, एकट्याला आणि अवघडून न टाकता विचारा. आणि तुमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असेल व लिफ्ट बंद असेल, तर लिफ्टच्या दुरुस्तीसाठी पत्र पाठवून वाट पाहू नका. वेळापत्रकात तळमजल्याची खोली घेणे तुमच्या हातात आहे.

क्षेत्रअभ्यासाच्या सहलीकडे मी खास लक्ष वेधते, कारण भूगोल विभागात माणसे वगळली जाण्याची ती सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी जागा आहे. सहल गुणांना जोडलेली असते आणि खर्च विद्यार्थ्याने करायचा असतो. पैसे नसलेली मुलगी ‘घरून परवानगी नाही’ असे सांगते, आपण ते खरे मानतो आणि तिला पर्यायी म्हणून कंटाळवाणा अहवाल लिहायला देतो. मुक्कामी स्वच्छतागृह कसे आहे, हे ठरवताना बहुतेक वेळा कोणी स्त्री बैठकीत नसते. चालणे अवघड असलेल्या मुलाला बसमध्ये बसवून ठेवले जाते. दूरच्या एका सहलीऐवजी जवळच्या नदीखोऱ्यात एकेका दिवसाच्या तीन क्षेत्रभेटी घेतल्या तरी अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट पुरे होते; आणि मुक्काम अटळच असेल, तर जागा आधी जाऊन पाहणाऱ्या दोघांत एक महिला सहकारी असावी. खर्चाचा आकडा सत्राच्या पहिल्या आठवड्यात सांगा, सहलीच्या आठवड्यात नको.

पैशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या नोकरीतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, हे आपण सगळे जाणतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये, त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांचे काम सुरू केले होते, हे लक्षात ठेवत नाही. जागा राखली तरी मुलाला राहायला आणि जेवायला मिळाल्याशिवाय ती भरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. सातारच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीही निरनिराळ्या जातींची मुले एका छताखाली आणून एका पंगतीला बसवली. आज हे काम शिष्यवृत्त्या, स्वाधार व स्वयम् यांसारख्या राहण्या-जेवणाच्या खर्चाच्या योजना, बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आणि महाडीबीटी हे शिष्यवृत्तीच्या अर्जांचे पोर्टल यांत विखुरले आहे. आणि हप्ता उशिरा आला की वसतिगृहाची खोली किंवा मेसचे कार्ड धोक्यात येते. तुम्ही हप्ता आणू शकत नाही. पण अर्जांच्या तारखांची एक वही ठेवणारा एक जबाबदार सहकारी नेमू शकता, ‘शिष्यवृत्ती मंजूर असून रक्कम यायची आहे’ असे पत्र त्याच दिवशी देऊ शकता आणि जात वैधता किंवा नॉन-क्रिमीलेअरच्या कागदासाठी तहसीलला गेलेल्या मुलाची हजेरी कापू नये, असा विभागीय ठराव करू शकता.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. नियम उघडे करायचे, माणसे नाही. हजेरीपटावर नावापुढे प्रवर्ग लिहिलेला असणे, वर्गात ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असे म्हणणे, नव्या मुलीला आडनाव विचारून झाल्यावर पुन्हा ‘म्हणजे नक्की कोणत्या?’ असे विचारणे, हे सगळे आजपासून बंद करा. गुणपत्रकाची यादी लावतानाही तिच्यात फक्त आसनक्रमांक असू द्या.

तक्रारींविषयी थोडक्यात सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. हे विनियम कागदावरच राहिले, अशी तक्रार घेऊन, ज्यांच्या आत्महत्यांमागे जातीय छळ असल्याचे आरोप झाले त्या रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आई २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम निघाले, पण त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि २०१२ चे विनियम लागू ठेवले. तेव्हा तुमच्या विद्यापीठातल्या त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन शोधून फलकावर लावा; शोधायला वेळ लागला, तर त्यावरूनही पुष्कळ कळेल. लैंगिक छळाची तक्रार आली, तर ती ‘आपसांत मिटवू’ असे कोणालाही म्हणू देऊ नका. ती २०१३ च्या कायद्याप्रमाणे आणि आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे, आणि तक्रारदार संशोधक असेल तर दरम्यानच्या काळात तिचा गाइड बदलण्याची सोय तुम्हीच करून दिली पाहिजे.

तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांचा तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, पण समतेची कसोटी त्यांच्यापाशीही लागते. शिकवण्याचा मोठा भार ते वाहतात आणि विभागाच्या बैठकीला त्यांना बोलावले जात नाही. विद्यार्थी मन मोकळे करतात ते बहुधा त्यांच्यापाशीच, कारण ते वयाने जवळचे असतात आणि पुष्कळदा त्याच गावांतून, त्याच परिस्थितीतून आलेले असतात. मानधन तुम्ही वाढवू शकत नाही. दारावर त्यांचे नाव, बैठकीत त्यांना खुर्ची आणि सत्राचे वेळापत्रक महिनाभर आधी, एवढे नक्कीच देऊ शकता. ती मुलगी का गेली, हे त्यांच्यापैकी एखाद्याला ठाऊक असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. त्यांना कोणी विचारले होते का?

राहता राहिली समिती. ती नेमा, कारण पत्र आले आहे. पण तिच्यात दोन विद्यार्थी, एक तासिका शिक्षक आणि कार्यालयातला लिपिक असू द्या. लिपिकाला मी मुद्दाम म्हणते, कारण खिडकीवर मुलांशी कसे बोलले जाते यावर विभागाची निम्मी अब्रू अवलंबून असते. वर्षाचे दोन कार्यक्रम म्हणून पुस्तिका वाचून दाखवण्याचा एक दिवस आणि मुलाखतींचा तक्ता मांडण्याचा एक दिवस ठेवा. नॅकच्या सातव्या निकषात, संस्थात्मक मूल्ये आणि उत्तम प्रथा या शीर्षकाखाली, हे दोन्ही सहज बसते. छायाचित्रे फारशी आकर्षक येणार नाहीत, हे मान्य आहे.

आणि या सगळ्याच्या आधी, या आठवड्यातच, धडगावच्या त्या विद्यार्थिनीला फोन करा. लिपिकाकडून करवू नका, तुम्ही स्वतः करा. ‘का सोडलेस?’ असे पहिल्याच वाक्यात विचारू नका. प्रथम तिच्या घरच्यांची विचारपूस करा, मग तिचे पहिल्या सत्राचे गुण कायम असल्याचे, पुन्हा प्रवेश घेण्याची शेवटची तारीख कोणती आहे ते आणि वसतिगृहाचे काय होऊ शकते ते सांगा. ही तिन्ही उत्तरे परीक्षा विभागाकडून आणि रेक्टरांकडून आधी लेखी घेऊन ठेवा, म्हणजे ‘बघू’ असे म्हणण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही. फोन लागला नाही, तर साध्या पोस्टाने मराठीत पत्र पाठवा आणि त्यावर तुमचा स्वतःचा नंबर लिहा. ती कदाचित परत येणार नाही. पण काय घडले ते तिने सांगितले, तर पुस्तिकेचे पहिले पान त्यावरून लिहा.